स्पोर्ट्स कारमधील इंजिनशक्तीचा ऱ्हास

स्पोर्ट्स कारमधील इंजिनशक्तीचा ऱ्हास म्हणजे वय, झीज, सदोष जुळणी किंवा इंधनातील बदल यांमुळे मोटारीच्या इंजिनाने मूळ क्षमतेपेक्षा कमी शक्ती देणे. बोलीभाषेत याला ‘पिकअप कमी होणे’ किंवा ‘गाडी न ओढणे’ असे म्हणतात. दोष गंभीर असल्यास ‘इंजिन कामाला आले’ असे म्हटले जाते. हा दोष कोणत्याही जुन्या वाहनात आढळतो. स्पोर्ट्स कारचे वजन कमी व इंजिन चढ्या फेऱ्यांवर चालणारे असल्याने तिच्यात तो लवकर जाणवतो. कारणे अनेक आणि लक्षणे बरीचशी समान असल्याने शक्ती कमी होण्याचे निदान ठरावीक क्रमाने करावे लागते. हा क्रम मोडल्यास निर्दोष इंजिन खोलले जाण्याचा धोका असतो. उत्पादन बंद झालेल्या गाड्यांच्या बाबतीत ही चूक अनेकदा भरून येत नाही, कारण मूळ सुटे भाग पुन्हा मिळत नाहीत.

## शक्ती आणि तिचे मापन

इंजिनाची शक्ती अश्वशक्ती किंवा किलोवॉट या एककांत मोजतात. ७५ किलोग्रॅम वजन एका सेकंदात १ मीटर उचलण्यासाठी लागणारी शक्ती म्हणजे १ मेट्रिक अश्वशक्ती. ती सुमारे ७३५.५ वॉट इतकी भरते. इंजिनाचे पीळबल (टॉर्क) आणि फेऱ्यांचा वेग यांच्या गुणाकारावर शक्ती ठरते. उदाहरणार्थ, मिनिटाला ५,००० फेऱ्यांवर ९० न्यूटन-मीटर पीळबल देणारे इंजिन सुमारे ४७ किलोवॉट, म्हणजे ६४ अश्वशक्ती देते. यावरून दोषाचे दोन प्रकार वेगळे करता येतात. सर्व फेऱ्यांवर पीळबल घटले असेल तर गाडी सुरुवातीपासूनच मंद वाटते. केवळ चढ्या फेऱ्यांवर ते घटले असेल तर गाडी शहरात ठीक चालते, मात्र महामार्गावर वेग घेत नाही.

उत्पादक जाहीर करतो तो आकडा इंजिनाच्या मुख्य दंडावर मोजलेला असतो. चाकांवर पोहोचणारी शक्ती गिअरबॉक्स व डिफरन्शियलमधील घर्षणामुळे साधारणतः १० ते २० टक्क्यांनी कमी भरते. १९७० च्या दशकापूर्वीचे काही आकडे पंखा, डायनामो व सायलेन्सर न जोडता मोजलेले असल्याने ते मुळातच फुगलेले आहेत. त्यामुळे चाकांवर मोजलेला आकडा जुन्या माहितीपत्रकातील आकड्याशी थेट ताडून पाहणे चुकीचे ठरते.

प्रत्यक्ष शक्तिमापन डायनामोमीटर या यंत्रावर होते. ही सोय नसल्यास एकाच सपाट रस्त्यावर, एकाच गिअरमध्ये, ठरावीक दोन वेगांच्या दरम्यान लागणारा वेळ दोन्ही दिशांनी मोजून त्याची सरासरी घेतात. दुरुस्तीपूर्वीची व नंतरची नोंद ताडून पाहिल्यास फरक खरा की भासमान हे कळते.

## कारणे

पेट्रोल इंजिनाला पुरेशी हवा, योग्य प्रमाणात इंधन, योग्य क्षणी ठिणगी, पुरेसे संपीडन (कॉम्प्रेशन) आणि जळालेल्या वायूंना मोकळी वाट या पाच गोष्टी लागतात. शक्तिऱ्हासाची कारणे याच पाच गटांत विभागली जातात. इंजिनाबाहेरील कारणांचा सहावा गट धरतात.

### हवा

धुळीने भरलेला एअर फिल्टर हे सर्वांत सामान्य कारण होय. ॲक्सिलरेटरची केबल ताणली गेल्याने पेडल पूर्ण दाबूनही थ्रॉटलची झडप पूर्ण न उघडणे हा दोषही जुन्या गाड्यांत नेहमी आढळतो. तो ओळखण्यास कोणतेही उपकरण लागत नाही. इंजिन बंद ठेवून एकाने पेडल दाबावे व दुसऱ्याने झडप पाहावी, एवढे पुरेसे असते. इनटेक मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून किंवा फुटलेल्या रबरी नळीतून जादा हवा शिरल्यास मिश्रण पातळ होते व इंजिन अडखळते.

### इंधन

टाकीतील गंज व गाळ, तुंबलेला फिल्टर, थकलेला इंधन पंप आणि कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये बसलेला कचरा यांमुळे इंधनपुरवठा कमी होतो. अशी गाडी कमी वेगात व्यवस्थित चालते. लांब चढावर किंवा सतत चढ्या वेगात मात्र काही सेकंदांनी तिची ओढ संपते. कार्ब्युरेटरच्या गाड्यांतील यांत्रिक पंपाचा दाब साधारण ०.२ ते ०.३ बार असतो, तर इंधन प्रक्षेपण (इंजेक्शन) असलेल्या बहुतेक गाड्यांत तो २.५ ते ३ बार किंवा अधिक लागतो. अनेक जुन्या स्पोर्ट्स कारना दोन किंवा अधिक कार्ब्युरेटर असतात. त्यांचा परस्परमेळ बिघडल्यास काही सिलिंडर जास्त व काही कमी काम करतात.

### ठिणगी

कॉन्टॅक्ट पॉइंट असलेल्या जुन्या प्रणालीत पॉइंटमधील अंतर (सुमारे ०.४ मिमी) झिजेमुळे बदलते आणि त्यासोबत ठिणगीचा क्षणही सरकतो. ठिणगी उशिरा पडल्यास शक्ती घटते, इंजिन तापते व पेट्रोल जास्त लागते. फेऱ्या वाढतील तशी ठिणगी लवकर पाडणारी डिस्ट्रिब्युटरमधील वजने गंजून अडकली किंवा निर्वात पडदा फाटला, तर आयडलिंगला सर्व काही योग्य दिसूनही वेगात शक्ती मिळत नाही. कमकुवत कॉइल, कंडेन्सर, तडकलेली डिस्ट्रिब्युटर कॅप व जुन्या हाय-टेन्शन वायरी यांमुळे भाराखाली ठिणगी चुकते. यालाच गॅरेजच्या भाषेत ‘मिसिंग’ म्हणतात.

### संपीडन

दट्ट्याच्या (पिस्टनच्या) रिंगा, सिलिंडरची भिंत, झडपा (व्हॉल्व्ह) व हेड गॅस्केट यांपैकी एकातून जरी गळती झाली तरी मिश्रण पुरेसे दाबले जात नाही. टॅपेटमधील मोकळीक संपल्यास झडप पूर्ण बंद होत नाही व कालांतराने जळते. टायमिंग बेल्ट किंवा चेन एक दात सरकल्यास सर्व सिलिंडरांची शक्ती एकदम घटते. कॅमशाफ्टच्या उंचवट्यांची झीज हे सहज न सापडणारे कारण होय, कारण तिच्यामुळे झडप कमी उघडते परंतु गळत नाही.

### निष्कास

सायलेन्सरच्या आतील पडदे गंजून कोसळल्यास किंवा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची जाळी वितळून तुंबल्यास जळालेले वायू मागे दाटतात. गाडी सुरू होते, आयडलिंगही चांगले असते, परंतु ठरावीक वेगापुढे ती जात नाही. कन्व्हर्टर वितळण्याचे मूळ कारण अनेकदा जुनी मिसिंगच असते, म्हणून केवळ कन्व्हर्टर बदलल्याने दोष परततो.

### इंजिनाबाहेरील कारणे

क्लच प्लेट घसरत असल्यास इंजिनाच्या फेऱ्या वाढतात, परंतु गाडीचा वेग त्या प्रमाणात वाढत नाही. ब्रेक अडकून राहणे, चाकांचे बेअरिंग घट्ट होणे, टायरमधील हवा कमी असणे किंवा मूळ मापापेक्षा मोठी चाके बसवणे यांमुळेही गाडी मंद वाटते. या सर्व बाबतींत इंजिन निर्दोष असते.

## निदानाचा क्रम

निदानाचे सर्वमान्य तत्त्व असे, की स्वस्त व न खोलता होणाऱ्या तपासण्या आधी आणि खर्चिक तपासण्या शेवटी कराव्यात. सर्वसाधारण क्रम पुढीलप्रमाणे असतो:

1. चालकाकडून माहिती घेणे: दोष अचानक आला की हळूहळू, गार इंजिनावर की तापल्यावर, कोणत्या फेऱ्यांवर, कोणत्या दुरुस्तीनंतर.
2. इंजिनाबाहेरील कारणे वगळणे: सपाट जागी गाडी हाताने ढकलून पाहणे, प्रवासानंतर चाकांची उष्णता ताडणे, क्लचची चाचणी.
3. एअर फिल्टर, थ्रॉटलची पूर्ण उघडझाप, नळ्या व जोड यांची पाहणी.
4. स्पार्क प्लग काढून त्यांचा रंग पाहणे.
5. ठिणगीचा टायमिंग व आगाऊपणा स्ट्रोब दिव्याने तपासणे.
6. संपीडन व निर्वात चाचणी.
7. इंधनाचा दाब व प्रवाह मोजणे.
8. निष्कास मार्गातील अडथळा तपासणे.

ठिणगी व संपीडन यांची खात्री झाल्याशिवाय कार्ब्युरेटर जुळवू नये, असा संकेत आहे. ठिणगीच्या दोषाची भरपाई मिश्रण बदलून केल्यास मूळ दोष झाकला जातो आणि त्यावर दुसऱ्या दोषाची भर पडते. एका वेळी एकच बदल करणे व प्रत्येक बदलानंतर रस्त्यावर चाचणी घेणे हेही तितकेच महत्त्वाचे असते.

## प्रमुख चाचण्या

### प्लगची पाहणी

फिकट तपकिरी टोक योग्य ज्वलन दर्शवते. कोरडी काळी काजळी जाड मिश्रणाची, ओला तेलकट थर रिंगा किंवा व्हॉल्व्ह सीलच्या गळतीचा, तर पांढरे, भाजलेले टोक पातळ मिश्रणाचे किंवा अति उष्णतेचे चिन्ह असते. सर्व प्लग सारखे दिसल्यास दोष सामाईक प्रणालीत, आणि एकच वेगळा असल्यास त्या सिलिंडरमध्ये शोधला जातो.

### संपीडन चाचणी

इंजिन गरम असताना सर्व प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून व प्रत्येक छिद्रात दाबमापक लावून स्टार्टर फिरवतात. साधारण ८ ते ९ संपीडन गुणोत्तराच्या सुस्थितीतील इंजिनात दर चौरस सेंटिमीटरला १० ते १२ किलोग्रॅम दाब मिळतो. प्रत्यक्ष आकड्यापेक्षा सिलिंडरांमधील तफावत अधिक बोलकी असते. ती १० ते १५ टक्क्यांपेक्षा जास्त नसावी. कमी दाबाच्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल टाकून चाचणी पुन्हा घेतात. दाब वाढल्यास रिंगा किंवा सिलिंडर झिजलेले असतात. न वाढल्यास झडपा किंवा गॅस्केट संशयास्पद ठरतात. शेजारशेजारच्या दोन सिलिंडरांचा दाब एकाच वेळी कमी असणे हे त्यांच्यामधील हेड गॅस्केट फाटल्याचे लक्षण मानले जाते.

### गळती चाचणी

दोन्ही झडपा बंद असलेल्या स्थितीत सिलिंडरमध्ये दाबाखालील हवा सोडून ती कोठून बाहेर येते हे ऐकले जाते. कार्ब्युरेटरमधून आवाज आल्यास इनलेट झडप, सायलेन्सरमधून आल्यास एक्झॉस्ट झडप, ऑइल भरण्याच्या तोंडातून आल्यास रिंगा, आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे दिसल्यास हेड गॅस्केट सदोष असते. हेड न उतरवता दोषाची जागा दाखवणारी ही चाचणी इंजिन खोलण्याचा निर्णय घेण्यापूर्वी करणे श्रेयस्कर ठरते.

### निर्वात चाचणी

इनटेक मॅनिफोल्डला जोडलेला निर्वातमापक समुद्रसपाटीवर, आयडलिंगला, निरोगी इंजिनात पाऱ्याच्या १७ ते २२ इंचांच्या दरम्यान स्थिर राहतो.

| काट्याची हालचाल | संभाव्य कारण |
|---|---|
| स्थिर, परंतु थोडा खाली | ठिणगी उशिरा पडणे |
| स्थिर, बराच खाली | मॅनिफोल्डमधून हवागळती, झडपांचा टायमिंग सरकणे |
| ठरावीक अंतराने झटका | एक झडप जळणे किंवा अडकणे |
| फेऱ्या वाढवून धरल्यावर हळूहळू घसरण | तुंबलेला निष्कास मार्ग |

### निष्कास वायूंचे विश्लेषण

पीयूसी केंद्रावरील यंत्र निदानासही उपयोगी पडते. कार्बन मोनॉक्साइड जास्त असल्यास मिश्रण जाड असते. कार्बन मोनॉक्साइड कमी व हायड्रोकार्बन जास्त असल्यास मिसिंग किंवा अति पातळ मिश्रणाचा संशय घेतला जातो.

## इलेक्ट्रॉनिक प्रणाली असलेल्या गाड्या

भारतात प्रदूषण निकष कडक होत गेल्याने २००० च्या सुमारास नव्या मोटारींतून कार्ब्युरेटर बाद झाला व नियंत्रण संगणक (ईसीयू) आला. या गाड्यांत हवामापक, थ्रॉटलची स्थिती, कूलंटचे तापमान व ऑक्सिजन यांचे सेन्सर इंधनाचे प्रमाण ठरवतात. गंभीर दोष आढळल्यास संगणक गाडीची शक्ती मुद्दाम मर्यादित करतो. स्कॅनरवर दिसणारा सांकेतिक क्रमांक सदोष मोजणी दाखवतो. सदोष भाग कोणता हे तो सांगतोच असे नाही. ‘मिश्रण पातळ’ असा संकेत सेन्सर बिघडल्याने येतो, तसाच फुटलेल्या नळीमुळे किंवा थकलेल्या पंपामुळेही येतो. २० वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांत अर्थिंगचे गंजलेले जोड व वायरिंगचे सैल सॉकेट यांची तपासणी आधी केली जाते. टर्बोचार्जर असलेल्या गाड्यांत रबरी हवानळ्यांची गळती व वेस्टगेटचा बिघाड ही प्रमुख कारणे असतात.

## इंधनातील बदलांचा परिणाम

भारतात १ फेब्रुवारी २००० पासून शिसेयुक्त पेट्रोलची विक्री बंद झाली. शिसे झडपांच्या बैठकांना वंगणासारखे संरक्षण देत असे. मऊ लोखंडी बैठका असलेल्या जुन्या इंजिनांत त्यानंतर एक्झॉस्ट झडप बैठकीत रुतत जाते, टॅपेटची मोकळीक कमी होते व इंजिन तापल्यावर संपीडन घटते. अशी गाडी सकाळी चांगली व तासाभराने मंद चालते. कठीण धातूच्या बैठका बसवणे हा यावरील कायमचा उपाय होय.

दुसरा बदल इथेनॉलचा आहे. देशात जून २०२२ मध्ये १० टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट गाठले गेले आणि फेब्रुवारी २०२३ पासून २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल (ई२०) टप्प्याटप्प्याने उपलब्ध झाले. इथेनॉलमध्ये दर लिटरमागील ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी असते. त्यामुळे ई२० मधील ऊर्जा शुद्ध पेट्रोलपेक्षा सुमारे ७ टक्क्यांनी कमी भरते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात मूळ शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेल्या व १० टक्के मिश्रणाला जुळवलेल्या चारचाकींची इंधनक्षमता ई२० मुळे ६ ते ७ टक्क्यांनी घटेल असा अंदाज होता. हा अंदाज मायलेजविषयी आहे, शक्तीविषयी नाही. संगणक-नियंत्रित इंजिन जास्त इंधन सोडून शक्ती बहुतांशी टिकवते. कार्ब्युरेटरला ही दुरुस्ती स्वतःहून करता येत नाही, त्यामुळे मिश्रण पातळ होऊन शक्तीच घटते. तेथे मोठा जेट बसवावा लागतो.

इथेनॉल जुने रबर फुगवते, टाकीतील गाळ सोडवते व ओलावा शोषते. जुन्या इंधननळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या नळ्यांनी न बदलल्यास तापलेल्या इंजिनावर पेट्रोल गळून आग लागण्याचा धोका संभवतो. अनेक महिने उभ्या राहणाऱ्या गाड्यांना हा त्रास विशेष होतो.

## हवामान व भूप्रदेश

हवा जितकी विरळ तितकी शक्ती कमी. २५° सेल्सियसच्या तुलनेत ४५° सेल्सियस तापमानाच्या हवेची घनता सुमारे ६ टक्क्यांनी कमी असते. महाबळेश्वरसारख्या सुमारे १,३७० मीटर उंचीच्या ठिकाणी ती समुद्रसपाटीपेक्षा सुमारे १२ टक्क्यांनी कमी भरते. ही घट नैसर्गिक असून तिला दोष मानत नाहीत.

खानदेशातील परिस्थिती या दृष्टीने बोलकी आहे. जळगाव जिल्ह्याच्या रावेर तालुक्यातील सावदा हे केळीच्या व्यापारासाठी प्रसिद्ध असलेले गाव तापीच्या खोऱ्यातील सपाट प्रदेशात वसले आहे. मे महिन्यात या भागातील तापमान ४५° सेल्सियसच्या आसपास पोहोचते. या उष्णतेत इंधननळीत पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा तुटतो. वाहतुकीत थांबलेली कार्ब्युरेटरची गाडी बंद पडते व गार झाल्यावर आपोआप सुरू होते. पंप बिघडल्यासारखी दिसणारी ही स्थिती एक्झॉस्टजवळून जाणारी नळी दूर सरकवल्यास किंवा उष्णतारोधक वेष्टनाने झाकल्यास सुधारते. शेतरस्त्यांवरील बारीक धुळीमुळे एअर फिल्टरही पुस्तिकेत दिलेल्या मुदतीपूर्वीच साफ करावा लागतो.

सपाट प्रदेशात शक्तीची उणीव लपून राहते. सावद्याहून उत्तरेस खिरोदामार्गे सातपुड्यातील पालकडे जाणाऱ्या रस्त्यासारख्या चढावर ती उघड होते. १० मीटर अंतरात १ मीटर चढणाऱ्या रस्त्यावर १,००० किलोग्रॅमची गाडी ताशी ४० किलोमीटर वेगाने नेण्यास केवळ चढण्यासाठी सुमारे ११ किलोवॉट, म्हणजे १५ अश्वशक्ती लागते. ६० अश्वशक्तीच्या निरोगी इंजिनाला हे सहज शक्य असते. एक सिलिंडर निकामी झालेल्या इंजिनाला मात्र त्यासाठी गिअर खाली आणावा लागतो. घाटात किंवा दुपदरी रस्त्यावर ओव्हरटेक करताना ही उणीव अपघातास कारण ठरू शकते.

## महाराष्ट्र व गोव्याशी संबंधित गाड्या

भारतीय बनावटीच्या स्पोर्ट्स कार मोजक्याच आहेत. गोव्यात बांधलेली सॅन स्टॉर्म ही फायबरग्लासच्या कवचाची दोन आसनी उघडी गाडी १९९० च्या दशकाच्या अखेरीस बाजारात आली. तिच्यात रेनो कंपनीचे १,१४९ घन सेंमी क्षमतेचे, सुमारे ६० अश्वशक्तीचे इंजिन होते. डीसी डिझाइनची अवंती २०१२ च्या दिल्ली ऑटो एक्स्पोमध्ये सादर झाली. तिचे २ लिटरचे टर्बो इंजिनही रेनोचेच होते. दोन्ही गाड्यांचे उत्पादन थांबले असले, तरी इंजिने परदेशी मोटारींत वापरली गेल्याने अंतर्गत भाग मिळण्याची शक्यता अधिक असते. थ्रॉटल केबल, वायरिंग व सायलेन्सर यांसारखे त्या गाडीपुरते बनवलेले भाग दुर्मीळ असल्याने ते दुरुस्त करूनच वापरावे लागतात.

मुंबईतील कुर्ला येथे तयार झालेली प्रीमिअर पद्मिनी ही कौटुंबिक मोटार असली, तरी जुन्या गाड्यांच्या छांदिष्टांत ती लोकप्रिय आहे. ६८ मिमी व्यास व ७५ मिमी धाव असलेल्या चार सिलिंडरांचे तिचे १,०८९ घन सेंमी इंजिन वरील सर्व चाचण्या शिकण्यासाठी सोयीचे मानले जाते, कारण त्याचा प्रत्येक भाग हाताशी येतो.

## कायदेशीर बाजू

खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांसाठी वैध असते. त्यानंतर तपासणी करून ती दर ५ वर्षांनी नूतनीकृत करावी लागते. भारत स्टेज-२ पूर्वीच्या पेट्रोल चारचाकींसाठी पीयूसीमध्ये कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के व हायड्रोकार्बनची १,५०० पीपीएम आहे. शक्ती घटलेले इंजिन अनेकदा या तपासणीतही नापास होते. झिजलेल्या इंजिनाच्या जागी दुसरे इंजिन बसवल्यास परिवहन कार्यालयाची पूर्वपरवानगी व नोंदणी प्रमाणपत्रात नव्या इंजिन क्रमांकाची नोंद आवश्यक असते.

पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांपेक्षा जुन्या व मूळ स्वरूपात राखलेल्या खासगी गाड्यांना जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ‘व्हीए’ अक्षरांचा विशेष क्रमांक मिळू शकतो. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आहे. कवच, सांगाडा किंवा इंजिन यांत मोठा बदल केलेली गाडी यास पात्र ठरत नाही. त्यामुळे चुकीच्या निदानावरून मूळ इंजिन टाकून देणे हे आर्थिक नुकसानीबरोबरच गाडीच्या ऐतिहासिक दर्जालाही बाधक ठरू शकते.

## हे सुद्धा पहा

- अंतर्ज्वलन इंजिन
- कार्ब्युरेटर
- अश्वशक्ती
- इथेनॉल मिश्रित पेट्रोल
- प्रीमिअर पद्मिनी
- सावदा